सोलापूरच्या उन्हात फोन तापतोय? आधी उष्णता कुठून येते ते शोधा

फोनला पंखा नसतो. प्रोसेसर, बॅटरी आणि चार्जिंगची आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) यांची उष्णता आतल्या पातळ ग्राफाइट शीटवरून पाठीच्या झाकणापर्यंत येते आणि तिथून हवेत जाते. हवा २५ अंशांवर असेल तर हे काम सहज होतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे गेला की बाहेरची हवाच फोनइतकी किंवा त्याहून गरम असते. मग उष्णता जाणार कुठे? आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं अ‍ॅपल सांगतं. म्हणजे आपल्याकडे मार्चच्या दुपारपासूनच फोन त्याच्या मर्यादेबाहेर चालायला लागतो.

म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी उष्णता नेमकी कशाची आहे ते पाहायचं. ती बाहेरच्या उन्हाची असू शकते, चार्जिंगची, फोनवर पडलेल्या कामाची, नाहीतर खऱ्या बिघाडाची. पहिल्या तिन्हींचा इलाज घरच्या घरी, पैसा न खर्चता होतो. एक ढोबळ खूण लक्षात ठेवा: जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गार दिवसांतही नुसता खिशात पडलेला फोन तापत असेल, तर उन्हाला दोष देऊ नका.

आत्ता तापलाय, काय करू?

चार्जिंग चालू असेल तर आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग पिन काढा. कव्हर उतरवा. हॉटस्पॉट, लोकेशन बंद करून एअरप्लेन मोड लावा आणि स्क्रीन बंद करा. मग फोन सावलीतल्या उघड्या फरशीवर पाठ खाली करून ठेवा आणि वर पंखा लावा. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी यासाठी उत्तम. दुपारीही ती हवेपेक्षा गार असते आणि दगड उष्णता झपाट्याने ओढून घेतो. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर फोन पूर्ण बंद करा.

फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये किंवा बर्फावर फोन ठेवू नका. गरम वस्तू एकदम गार केली की आतल्या हवेतलं बाष्प फोनच्या सर्किट बोर्डावर पाणी होऊन बसतं, आणि फोन वॉटरप्रूफ असला तरी आत तयार झालेल्या पाण्यापुढे त्याचा उपयोग नाही. ओल्या टॉवेलात गुंडाळणंही तसंच घातक. कूलर चालू असेल तर फोन जाळीसमोर ठेवू नका, तिथे बारीक तुषार उडतात. चार-पाच फुटांवर हरकत नाही.

तापल्यावर फोन स्वतःही काही गोष्टी करतो. स्क्रीनचा उजेड आपोआप कमी होतो, फ्लॅश लागत नाही, कॅमेरा बंद पडतो, ५जी जाऊन ४जी येतं, चार्जिंग थांबतं. उन्हात स्क्रीन अंधारली म्हणून डिस्प्ले गेला असं समजून लोक दुकानात येतात. हा बिघाड नसतो. फोन गार झाला की उजेड परत येतो.

हातावर विसंबू नका, आकडा पाहा

काच आणि धातूची पाठ हाताला जास्त गरम लागते, प्लास्टिकची कमी, जरी आतलं तापमान सारखंच असलं तरी. म्हणून आकडा बघावा. सॅमसंगच्या बहुतेक फोनवर *#०२२८# डायल केलं की बॅटरीचं तापमान दिसतं. इतर काही अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* चालतं. दोन्ही चाललं नाही तर अ‍ॅक्युबॅटरीसारखं अ‍ॅप घ्या. हे तापमान बॅटरीचं असतं, प्रोसेसरचं नव्हे, पण आपल्या कामाला तेच पुरतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात ३५ ते ४० हे रोजचंच समजा. व्हिडिओ कॉल, गेम किंवा चार्जिंग चालू असताना ४० ते ४३ चालेल, पण काम थांबवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आकडा उतरायला हवा. ४५ ला थांबा. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची साधारण वरची मर्यादा तीच आहे. ५० च्या वर गेला तर फोन बंदच करा.

नुसत्या आकड्यापेक्षा खोलीच्या तापमानाशी असलेला फरक जास्त बोलतो. काही काम नसताना, अर्धा तास टेबलावर पडून असलेला चांगला फोन खोलीपेक्षा साधारण दोन-चार अंशांनीच गरम असतो. खोली ३४ वर आणि फोन ३७ वर, तर काही बिघडलेलं नाही. खोली ३० वर आणि फोन ४० वर असेल तर आत काहीतरी चालू आहे, किंवा कुठेतरी वीज गळतेय. दोन दिवस सकाळी उठल्यावर, चार्जिंगला लावून अर्ध्या तासाने आणि दुपारी पडून असताना हा फरक वहीत लिहा. पुढे दुकानात गेलात तर ही नोंद कारागिराचा बराच वेळ वाचवते.

मग फोन नेमका कुठे तापतो ते बोटाने चाचपा. वर, कॅमेऱ्याच्या आसपास चटका लागत असेल तर प्रोसेसरवर काम पडलंय किंवा नेटवर्कसाठी ओढाताण चाललीय. मधोमध सपाट भाग तापला तर बॅटरी. खाली, पिन जाते तिथेच जास्त गरम लागलं तर दोष सॉकेटचा, केबलचा किंवा पिनेचा. फोनच्या आतली मांडणी मॉडेलप्रमाणे थोडी बदलते, पण बहुतेक फोनमध्ये ही खूण लागू पडते.

चार्जिंग: सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं

गेम खेळून तापलेला फोन गेम बंद केला की गार होतो. भर दुपारच्या चार्जिंगचा मार बॅटरी कायमचा खाते. एक आकडा पुरेसा आहे. लिथियम-आयन बॅटरी १०० टक्के भरून वर्षभर ४० अंशांत ठेवली तर तिची क्षमता साधारण ६५ टक्क्यांवर येते. त्याच ४० अंशांत, पण ४० टक्केच भरलेली ठेवली तर ८५ टक्के उरते. म्हणजे उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी एकत्र आली की घात होतो. रात्रभर चार्जिंगला लावून, सकाळी शंभर टक्के फोन घेऊन दिवसभर उन्हात हिंडणं ही सवय मे महिन्यात तरी मोडायलाच हवी.

चार्जिंगची वेळ बदला. पहाटे पाच ते आठ ही आपल्याकडे दिवसातली सगळ्यात गार वेळ, तेव्हा लावा. दुपारी बारा ते पाच टाळा. अगदीच लागलं तर ५० टक्क्यांपर्यंत करून काढा. बऱ्याच नव्या फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. आयफोन १५ पासून पुढे ती आहे, सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन या नावाने मिळते. ती जूनपर्यंत चालूच ठेवा.

३३ किंवा ६७ वॅटचा फास्ट चार्जर सुरुवातीला, बॅटरी रिकामी असताना, सर्वाधिक करंट देतो. म्हणून पहिल्या वीस-तीस मिनिटांत फोन सगळ्यात जास्त तापतो. सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग बंद करता येत असेल तर दुपारपुरतं करा. नसेल तर घरात पडलेला जुना १० वॅटचा, म्हणजे ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर वापरा. ५००० एमएएचची बॅटरी भरायला तीन तासांच्या आसपास लागतील, पण फोन कोमटच राहील. वायरलेस चार्जिंगमध्ये बरीच वीज उष्णतेतच जाते, ते उन्हाळ्यात नकोच.

फोन कशावर ठेवता तेही महत्त्वाचं. सोलापुरी चादरीची जाड सुती वीण थंडीत ऊब धरून ठेवते, तशीच फोनची उष्णताही. चार्जिंगला लावलेला फोन चादरीवर, गादीवर, उशीखाली कधीच नको. कव्हर काढून, फरशीवर किंवा उघड्या लाकडी टेबलावर, पंख्याखाली ठेवा. चार्जिंग चालू असताना रील किंवा गेम नको, कारण मग एकाच वेळी बॅटरी भरत असते आणि प्रोसेसरही राबत असतो.

आता सॉकेट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि शहरातल्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये हा दोष हमखास सापडतो. हवेत उडणारे कापसाचे तंतू खिशातून सॉकेटमध्ये जातात, आणि प्रत्येक वेळी पिन खोचली की दाबले जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, संपर्क अर्धवट होतो, आणि अर्धवट संपर्कातून करंट गेला की ती जागा तापते. ओळखायचं असं: पिन लावल्यावर तिची कड आणि फोनची कड यांत मिलिमीटरभर फट दिसते, किंवा धक्का लागला की चार्जिंग तुटतं.

साफ करताना फोन पूर्ण बंद करा. टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकने तळाच्या कोपऱ्यातून तंतू बाहेरच्या दिशेने ओढा. टाइप-सी सॉकेटच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. ती मोडली की अख्खं सॉकेट बदलावं लागतं. सुई, टाचणी, सिमची पिन वापरू नका, त्याने आतले संपर्क शॉर्ट होतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. साफ झाल्यावर पिन ‘टिक’ करून बसली पाहिजे. संपर्कांवर हिरवट-काळा थर दिसला तर तो गंज आहे. तो टूथपिकने जात नाही, चार्जिंग बोर्ड बदलून घ्यावा लागतो. मागावर जाणाऱ्यांनी सॉकेटला रबरी बूच लावावं. त्याला अगदी थोडे पैसे पडतात.

अ‍ॅडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का बघा. आय.एस. १३२५२ आणि खाली ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीची नोंदणी आहे ते दिसतं. क्रमांक नसेल, किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर घेऊ नका. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून फोन तापतो, हा समज मात्र सोडून द्या. अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं आणि तेवढ्यात तो सारखाच चालतो. वीज जाऊन येताना बसणाऱ्या झटक्याने अ‍ॅडॅप्टर जळू शकतो, हे खरं. म्हणून लाइट गेली की बटण बंद करावं.

पत्र्याचं घर आणि नेटवर्क

पत्र्याच्या खोलीत फोन दोन बाजूंनी भरडला जातो. पत्रा दुपारी खोली तापवतो, आणि तोच पत्रा टॉवरच्या लहरीही अडवतो. रेंज कमी झाली की फोन टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त ताकद लावतो आणि वरचा भाग तापतो. हातात काही काम नसताना फोन गरम लागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

तपासणी सोपी आहे. खोलीतल्या नेहमीच्या जागी फोन वीस मिनिटं एअरप्लेन मोडवर ठेवा. आकडा चार-पाच अंशांनी उतरला तर दोष नेटवर्कचा. सेटिंगमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते: उणे ९० च्या आसपास चांगली, उणे ११० च्या खाली फारच कमजोर. तसं असेल तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी काढून ४जी ठेवा. घरी वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. फोन लोखंडी कपाटात किंवा त्यावर ठेवण्याऐवजी दारा-खिडकीपाशी, सावलीत ठेवा. दोन सिम असतील आणि एकाला घरात रेंजच नसेल, तर ते सिम घरापुरतं बंद करा. नाहीतर ते दिवसभर टॉवर शोधत राहतं.

अ‍ॅप

सेटिंगमध्ये बॅटरी वापराची यादी उघडा. तुम्ही जे अ‍ॅप दिवसभरात पाच मिनिटंही वापरलं नाही ते वरच्या तीनांत असेल, तर तेच चोर. त्याचं बॅकग्राउंड चालणं बंद करा किंवा काढून टाका. सिस्टम अपडेट झाल्यावर एक-दोन दिवस फोन गरम राहतो, तेव्हा घाई करू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा आणि फोटोंचा बॅकअप रात्री वाय-फायवर ठेवा.

शंका असेल तर रात्रीची चाचणी घ्या. ८० टक्क्यांवर फोन ठेवून झोपा. आठ तासांत ३ ते ८ टक्के उतरला तर ठीक. १५ च्या वर गेला तर सेफ मोडमध्ये तीच चाचणी पुन्हा करा: पॉवरच्या मेनूत ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेफ मोड येतो, त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. सेफ मोडमध्ये फोन गार राहिला तर दोष एखाद्या अ‍ॅपचा आहे, हे नक्की.

‘फोन कूलर’ नावाची अ‍ॅप काढून टाका. कोणतंही अ‍ॅप फोन गार करू शकत नाही, उलट जाहिराती दाखवून तापवतं. आणि लग्नाची पत्रिका किंवा सरकारी योजनेचा फॉर्म म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) उघडली असेल आणि तेव्हापासून फोन तापत असेल, तर प्रश्न तापण्याच्या पुढे गेलाय. लगेच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा आणि मगच फोन रीसेट करा.

गाडीवर

हँडलच्या होल्डरवर लावलेला फोन ऊन खातो, स्क्रीन पूर्ण उजेडावर असते, जीपीएस चालू, आणि वर चार्जिंग. डिलिव्हरी करणाऱ्यांचे फोन म्हणूनच लवकर जातात. नकाशा आधी ऑफलाइन उतरवून घ्या, होल्डरला सावलीची झडप लावा, चार्जिंग गाडी थांबल्यावर सावलीत करा. हँडलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातला चित्र स्थिर ठेवणारा भागही बिघडू शकतो. स्कूटरची डिकी इंजिनजवळ असते, ती सुरक्षित जागा समजू नका. उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर जातो; पार्किंगमध्ये पाच मिनिटांसाठीही फोन तिथे सोडू नका.

बॅटरी फुगली असेल तर

फोन सपाट फरशीवर पाठ खाली करून ठेवा आणि कोपऱ्यावर हलकं बोट लावा. पूर्वी न डुलणारा फोन आता डुलत असेल, पाठीच्या झाकणाला फट पडली असेल किंवा स्क्रीन एका बाजूने उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे. बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका. टाचणीने टोचून वायू काढण्याचा उद्योग कुणालाही करू देऊ नका, त्याने पेट घेते. कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी बदलून घ्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

धूर आलाच तर आधी मेन स्विच बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. वीज तुटल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. धूर विषारी असतो, त्यात वाकून बघू नका.

दुकानात गेल्यावर

फोन बंद आहे, चार्जिंगलाही नाही, तरी तापतोय किंवा बॅटरी उतरतेय, तर बोर्डावर शॉर्ट किंवा लीकेज आहे, म्हणजे वीज भलत्या वाटेने जातेय. सेटिंग बदलून ते जात नाही. कारागिराला बॅटरी काढून बोर्ड डीसी सप्लायवर (बॅटरीऐवजी वीज देणारं, मीटर असलेलं दुकानातलं यंत्र) लावायला सांगा आणि मीटरकडे स्वतः बघा. पॉवरचं बटण दाबण्याआधी अँपिअरचा आकडा जवळपास शून्य हवा. बटणाला हात न लावताच करंट दिसला तर लीकेज आहे. मग थर्मल कॅमेऱ्याने किंवा बोर्डावर रोझिनचा (सोल्डरिंगला वापरतात त्या राळेचा) थर देऊन तापणारा भाग शोधतात. रोझिन जिथे आधी वितळतं तिथे दोष. कित्येकदा एक बारीकसा कपॅसिटर निघतो. ही तपासणी न करता ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडून फोन परत घ्या.

जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून तेवढ्याच वापराला ती जास्त तापते. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ ८० च्या खाली असेल तर बदला. बदलताना नव्या बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक जुन्याशी जुळवा, आय.एस. १६०४६ चा शिक्का आणि बनवल्याची तारीख वाचा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: आतली ग्राफाइट शीट आणि तांब्याची पट्टी होती तशी परत बसवायची. घाईत ती फाटते किंवा टेबलावरच राहते, आणि ‘नवी बॅटरी टाकल्यापासून जास्त तापतो’ ही तक्रार तिथून सुरू होते.

फोन देण्याआधी बॅकअप घ्या. फोन उघडायचा पिन नंबर सांगू नका. सॅमसंग आणि पिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड आहे, तो लावून द्या. परत घेताना दुकानातच पंधरा मिनिटं चार्जिंगला लावून तापमान बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे, अर्धा तास पडून असलेल्या फोनचा खोलीशी फरक पुन्हा मोजा. तो चार-पाच अंशांच्या वर निघाला तर पावती घेऊन वॉरंटीच्या मुदतीतच परत जा.